झाडांचा कायदा आणि पाड्यांवरची माणसे

4 ऑक्टोबर 2019 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आरे वसाहतीतील वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री गोरेगावच्या झाडीत करवती सुरू झाल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर 2,141 झाडे आडवी झाली होती. विरोध करणाऱ्या 29 जणांना अटक झाली. तेथे गेलेल्या अ‍ॅड. प्रकाश आंबेडकरांनाही पोलिसांनी ताब्यात घेतले. हे सारे वाचकांच्या स्मरणात असेलच.

ज्या कायद्याच्या परवानगीने ही झाडे पडली, तो 1975 चा, महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रातील झाडांचे संरक्षण व जतन करणारा. संरक्षणाचा कायदा! तरीही तो अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून खाजगी आवारातलेही झाड तोडता येत नाही. झाडावर नोटीस लावायची, वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, हरकती ऐकायच्या, आणि मूळ कायद्याप्रमाणे परवानगी मिळाल्यावरही 15 दिवस थांबायचे. पण त्याच कायद्यात मेख अशी, की 60 दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे धरायचे. म्हणजे साहेबांनी फाइल दाबून ठेवली, तरी झाड मेले!

आणि हरकत घेणार कोण? प्राधिकरणावर नगरसेवक बसतात, तज्ज्ञ बसतात. आरेच्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वारल्यांना तेथे कोणी बसवले? मेट्रोच्या याच कारशेडसाठी प्रजापूरपाड्यातील आदिवासी कुटुंबे आधीच उठवली गेली होती. झाडांची निदान मोजणी तरी झाली. शिवाय आरे हे जंगलच नाही, असा युक्तिवाद सरकारी बाजूने झाला. जंगल नाही म्हटले, की 2006 च्या वनहक्क कायद्याखालचा दावाही लंगडा पडतो. पुढे 2020 साली सरकारने आरेतील 812 एकर राखीव वन करण्याचे जाहीर केले, ते ही झाडे गेल्यावर.

उलट बाजूही आम्हाला विसरता येत नाही. याच आरेला लागून असलेल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात 1997 च्या न्यायालयीन आदेशानंतर हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. तेव्हा कारण दिले गेले जंगल वाचवण्याचे. गरिबाची झोपडी असली की ते जंगल, आणि कारशेड आली की ते जंगल नव्हे! त्या दिवसांपासून आमच्या वस्त्यांत पर्यावरण हा शब्द बुलडोझरसारखा ऐकू येतो. यात आमच्या लोकांचे काय चुकले?

चूक आहे ती चळवळीची, म्हणजे आमचीही. झाडे हा बंगलेवाल्यांचा विषय म्हणून आम्ही तो सोडून दिला. 1923 साली बोले ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेने तळे खुलेही केले, पण कागदावर. 1927 साली बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा तो ठराव जिवंत झाला. झाडावरची नोटीसही तशीच कागदावर पडून आहे. आमच्या वस्तीच्या कडेला पिंपळ आहे, नाल्याकाठी भेंडी आहे. नोटीस दिसली की तिच्यावरची तारीख टिपावी, साध्या कागदावर मराठीत हरकत लिहावी, प्रभाग कार्यालयात देऊन पोचेचा शिक्का घ्यावा. वस्तीतल्या दहा-वीस जणांच्या सह्या असल्या तर उत्तमच, आणि त्यात बायांच्याही असाव्यात, कारण दुपारी त्या सावलीत बसतात त्याच.