मोंझाचा मार्ग : गाडीची जुळणी आणि चालकाचें कसब

इटलींत मिलान शहराच्या उत्तरेस मोंझा नांवाचें एक जुनें नगर आहे. तेथील विस्तीर्ण राजोद्यानांत इ. स. १९२२ सालीं मोटारींच्या शर्यतीसाठीं एक मार्ग बांधण्यांत आला. शंभरावर वर्षें लोटलीं, तरी तो आजहि वापरांत आहे. त्याची लांबी ५.७९३ किलोमीटर असून त्यावर वळणें मात्र अवघीं अकरा आहेत. ज्यांनीं इटलीची भूमि कधीं पाहिली नाहीं, अशा असंख्य तरुणांना आज या मार्गाचा प्रत्येक वांक तोंडपाठ असतो. ही किमया सिम्युलेटरची होय. संगणक, पडदा, स्टीअरिंगचें चाक आणि पायाखालीं दोन-तीन पेडलें, एवढ्या साहित्यावर घरच्या खोलींत बसून मोंझाची शर्यत खेळतां येते.

सिम्युलेटर म्हणजे गाडीचें व मार्गाचें गणिती अनुकरण. उत्तम सिम्युलेटरांत खऱ्या मार्गाची मोजणी लेसर किरणांनीं केलेली असते. डांबरावरील खळगे, चढउतार, कडेचे रंगीत उंचवटे हे सारे त्यांत जसेच्या तसे उतरतात. कोणत्या टायरवर किती भार पडला, तो किती तापला, त्याची पकड कोठें सुटली, याचें गणित सेकंदाला शेंकडों वेळां होतें आणि त्याचा परिणाम चाकावाटे चालकाच्या हातांना जाणवतो. हा निव्वळ पोरखेळ आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. पण ती खरी नाहीं. लुकास ओर्दोन्येझ हा स्पॅनिश तरुण २००८ सालीं अशाच पडद्यावरील शर्यतींतून निवडला गेला, आणि २०११ सालीं ल मान्सच्या चोवीस तासांच्या खऱ्या शर्यतींत त्याच्या संघानें आपल्या वर्गांत दुसरा क्रमांक मिळविला. पडद्यावर शिकलेली विद्या रस्त्यावर उपयोगीं पडते, ती दोन्हीकडे निसर्गाचे नियम एकच असतात म्हणून.

गवई गावयास बसण्यापूर्वीं तंबोरा लावून घेतो. त्याचप्रमाणें चालकाला शर्यतीपूर्वीं गाडी लावून घ्यावी लागते. मोंझाच्या बाबतींत या जुळणीचा सारा विचार एका प्रश्नाभोंवतीं फिरतो : सरळ रस्त्यावरील वेग हवा कीं वळणावरील पकड हवी ?

शर्यतीच्या गाडीला मागें एक आडवा पंख असतो. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. हा पंख उलटा बसविलेला असल्यामुळें गाडीला खालीं दाबतो. दाब वाढला कीं टायरची पकड वाढते व वळण अधिक वेगानें घेतां येतें. परंतु हा लाभ फुकट मिळत नाहीं. पंख जितका उभा, तितका हवेचा अडथळा अधिक. दाब काय आणि अडथळा काय, दोन्ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतात. ताशीं २८० किलोमीटर वेगाला पंखाचा जो दाब असतो, त्याचा केवळ सोळावा हिस्सा ताशीं ७० किलोमीटर वेगाला उरतो. मोंझाचीं सर्वांत मंद वळणें याच सुमाराच्या वेगाचीं आहेत. म्हणजे तेथें पंख जवळ जवळ निरुपयोगी. उलट फॉर्म्युला वनच्या गाड्या येथें फेरीचा सुमारें पाऊण भाग अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धांवतात. म्हणजे तेवढा वेळ पंखाचा अडथळा सोसावा लागतो. हा हिशेब पाहिला म्हणजे मोंझाला येणारा प्रत्येक संघ पंख कां पाडतो, याचा उलगडा होतो.

या मोहाला मोठा इतिहास आहे. १९७० सालीं योखेन रिंट या चालकानें आपल्या लोटस गाडीचे पंख काढून ठेवून येथें सराव केला. पाराबोलिका या अखेरच्या वळणापूर्वीं ब्रेक लावतांना गाडी एकाएकीं बाजूला ओढली जाऊन कठड्यावर आदळली व तो मरण पावला. त्या वर्षाचें जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळालें. ब्रेकचा दांडा तुटल्यानें अपघाताला आरंभ झाला, असें पुढें मानण्यांत आलें. म्हणून पंख काढल्यामुळेंच तो मेला असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. पण पंखांवांचून त्या वेगाला गाडी किती बेभरंवशाची होते, हें त्या काळचे चालक जाणून होते. पुढच्याच वर्षीं पीटर गेथिन हा ताशीं २४२ किलोमीटरांहून अधिक सरासरी वेगानें, दुसऱ्या गाडीच्या केवळ एक शतांश सेकंद पुढें राहून विजयी झाला. वेग हाताबाहेर चालला असें पाहून १९७२ सालीं सरळ मार्गावर मुद्दाम नागमोडी वळणें घालण्यांत आलीं. शर्यतीच्या भाषेंत यांना शिकेन म्हणतात. १९७६ सालीं त्यांत आणखी भर पडली. तरीहि २०२५ सालीं मॅक्स व्हर्स्टापेननें येथील शर्यत ताशीं २५० किलोमीटरांहून अधिक सरासरीनें जिंकली. अडथळे घातले तरी मोंझाचा स्वभाव पालटला नाहीं.

पंख पाडल्यानें सरळ रस्त्यावर जें मिळतें, त्याची परतफेड ब्रेक लावतांना व वेगवान् वळणांवर करावी लागते. ब्रेक लागतांच गाडीचें वजन पुढें झुकतें व मागचीं चाकें हलकीं होतात. पंखाचा दाबहि कमी असल्यामुळें गाडीचें शेपूट फिरण्याची भीति असते. यावर पहिला उपाय म्हणजे ब्रेकच्या दाबाची वांटणी. पुढच्या चाकांना थोडा अधिक वांटा दिला कीं गाडी स्थिर राहते. पण तो प्रमाणाबाहेर गेला तर पुढचीं चाकें फिरावयाचीं थांबून नुसतीं घसरतात आणि स्टीअरिंग वळविलें तरी गाडी सरळच जाते. दुसरा उपाय म्हणजे गाडीचा कल रोखणारा मागचा दांडा थोडा मऊ करणें. त्यामुळें मागच्या टायरांना जमीन अधिक चांगली धरतां येते. तिसरी गोष्ट स्प्रिंगांची. मोंझाचे शिकेन चपळाईनें ओलांडावयाचे तर कडेच्या उंचवट्यांवरून चाक न्यावें लागतें. स्प्रिंग फार ताठ असल्या तर गाडी तेथें उसळते, चाक अधांतरीं फिरतें आणि वेग देण्याची वेळ निघून जाते. ज्या गाड्यांत गिअरांचीं प्रमाणें बदलतां येतात, त्यांत शेवटचा गिअर किंचित् लांब ठेवावा. कारण पुढच्या गाडीच्या पाठीशीं हवेचा अडथळा कमी होऊन वेग वाढतो, त्या वेळीं इंजिनाची धांव संपलेली नसावी. टायरांतील हवा मात्र गार असतांना मोजून भागत नाहीं. चार-पांच फेऱ्यांनंतर टायर तापून हवेचा दाब वाढतो. तो वाढलेला दाब योग्य हवा.

जुळणी झाली, आतां कसब. आरंभींच्या सरळ मार्गाच्या शेवटीं रेत्तिफिलोचा शिकेन येतो, आधीं उजवा व लगेच डावा. येथें फेरींतील सर्वांत मोठा ब्रेक लागतो. नवशिका पायाचा दाब हळूहळू वाढवीत नेतो. वस्तुतः याच्या उलट केलें पाहिजे. आरंभीं वेग अधिक, म्हणून हवेचा दाबहि अधिक व टायरची पकडहि अधिक; तेव्हां पहिला दाब सर्वांत जोराचा हवा. पुढें वेग उतरेल तसतसा पाय हलका करीत वळणांत शिरावें. नंतरचें कुर्वा ग्रांदे हें लांबलचक उजवें वळण बहुतेक गाड्या पूर्ण वेगानें घेतात. त्यापुढें रोज्जाचा शिकेन डावा-उजवा आहे. तेथील उंचवट्यांवर लोभ आवरावा लागतो. मग लेस्मोचीं दोन उजवीं वळणें. दुसऱ्या लेस्मोनंतर मोठी धांव असल्यामुळें पहिल्यापेक्षां दुसऱ्यांतून बाहेर पडण्याला महत्त्व अधिक. ती धांव जुन्या कलत्या मार्गाच्या पुलाखालून आस्कारीच्या वळणांकडे जाते. १९५५ सालीं जेथें आल्बेर्तो आस्कारी हा विख्यात चालक मृत्यु पावला, तीच ही जागा. येथें डावें, उजवें व डावें अशीं तीन वळणें एका लयींत गुंफलेलीं आहेत; पहिलें हावरेपणानें घेतलें तर उरलेलीं दोन्ही बिघडतात.

शेवटीं पाराबोलिका. २०२१ सालीं मिकेले आल्बोरेतो या चालकाचें नांव या वळणाला देण्यांत आलें. तें आरंभीं आवळलेलें असून पुढें मोकळें होत जातें आणि त्याच्यापुढें किलोमीटरहून अधिक लांबीचा सरळ मार्ग आहे. येथें उशिरां ब्रेक लावण्याचा मोह अनावर होतो. पण हिशेब पहावा. ताशीं २५० किलोमीटर वेगाला सेकंदांत सुमारें ७० मीटर अंतर कापलें जातें. म्हणजे दहा मीटर उशिरां ब्रेक लावून सेकंदाचा सातवा हिस्साहि पदरीं पडत नाहीं. उलट त्या घाईनें गाडी बाहेर वाहवली आणि अॅक्सिलरेटर उशिरां दाबावा लागला, तर वेगांतील ती तूट पुढच्या संपूर्ण सरळ मार्गावर गाडीची पाठ सोडीत नाहीं. जो वळणांत थोडें सोडतो, तोच सरळ मार्गावर पुष्कळ मिळवितो.

सरावाची रीतिहि शास्त्रीय हवी. प्रथम जुळणीला हात न लावतां, एकाच खुणेपाशीं ब्रेक लावून, एकसारख्या वेळेच्या फेऱ्या घालतां आल्या पाहिजेत. ज्याच्या दोन फेऱ्यांत सेकंदाचा फरक पडतो, त्याला पंख एका अंशानें पाडल्याचा परिणाम कसा कळावा ? त्यानंतर एका वेळीं एकच बदल करावा, पांच-सहा फेऱ्या घालाव्या आणि वेळ टिपून ठेवावी. दुसऱ्या एखाद्या वेगवान् चालकाची जुळणी उसनी घेऊन नवशिक्याचें भलें होत नाहीं. ती त्या चालकाच्या पायाला बेतलेली असते. थोडा अधिक पंख लावून, निर्धास्तपणें बाहेर पडणारा नवशिका पुष्कळदां अधिक जलद ठरतो.

सिम्युलेटर एक गोष्ट मात्र देऊं शकत नाहीं, ती म्हणजे भीति. खऱ्या गाडींत शरीरावर ओढ बसते, पोटांत गोळा येतो, आणि मर्यादा जवळ आल्याची सूचना मिळते. खोलींतील खुर्चींत ती सूचना नसते. कठड्यावर आदळलें तरी एक कळ दाबून पुनः आरंभ करतां येतो. हें या यंत्राचें मोठें वरदान आहे, कारण ज्या चुकीची किंमत पूर्वीं प्राणांनीं द्यावी लागे, ती आतां काहीं सेकंदांत भागते. परंतु त्यांतच एक धोकाहि आहे. भय नाहीं म्हणून विवेकहि सुटला, तर हजार फेऱ्या घालूनहि शिक्षण होत नाहीं, केवळ हजार वेळां तीच चूक होते. मोंझाच्या मार्गावर उसना घेतलेला वेग परत द्यावाच लागतो. तो कोठें व किती द्यावयाचा हें आधीं ठरविणें म्हणजे जुळणी, आणि ठरल्याप्रमाणें तो देणें म्हणजे कसब.