बँकेची आडत

परभणी, सेलू, मानवत येथील मोंढ्यांत आडत्याची ओळख कोणास करून द्यावी लागत नाही. तो शेतकऱ्याचा माल स्वतःसाठी घेत नाही. घेणारा व विकणारा यांची गाठ घालून देतो आणि त्याबद्दल आडत घेतो. बँकही असाच एक उद्योग करीत असते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ठेवी घ्याव्या व कर्जे द्यावी, एवढेच तिचे काम, अशी सामान्य समजूत आहे.

हा उद्योग बँकांहून जुना आहे. पूर्वी परगावी पैसे पाठविण्यासाठी पेढीवरून हुंडी घेत व त्याबद्दल हुंडणावळ देत. परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. तेथे हाली रुपया चाले, तर मुंबईस कलदार. सहा कलदार रुपयांस सात हाली रुपये पडत. म्हणजे पैसा नुसता पाठवून भागत नसे, तो बदलूनही घ्यावा लागे!

आता असे समजा, की मानवतच्या एका व्यापाऱ्याने रुईच्या १०० गाठी दूर तामिळनाडूतील कोइमतूरच्या सूतगिरणीस विकल्या. दोघांनी एकमेकांस कधी पाहिलेले नाही. पैसे हाती आल्यावाचून माल कसा सोडावा, ही एकाची चिंता. माल आल्यावाचून पैसे कसे द्यावे, ही दुसऱ्याची. अशा वेळी व्यापारी माल मालमोटारीत चढवितो आणि वाहतूकदाराची पावती, म्हणजे बिल्टी, आपल्या बँकेत नेऊन देतो. ही बिल्टी दिल्यावाचून माल सुटत नाही. बँक ती कोइमतूरच्या बँकेकडे धाडते. गिरणीने तेथे रक्कम भरली, की बिल्टी तिला मिळते व रक्कम मानवतच्या खात्यात जमा होते. यात बँकेने स्वतःचा एक रुपयाही घातला नाही. ती केवळ मध्ये उभी राहिली. तिला मिळाले ते व्याज नव्हे, दलाली.

पण गिरणीने बिल्टी सोडविलीच नाही तर? मग बँक ती परत करते, आणि माल परत आणण्याचा भुर्दंड व्यापाऱ्यावर पडतो. हा धोका नको असल्यास तो आधीच गिरणीच्या बँकेचे पतपत्र मागतो. ठरलेली कागदपत्रे बिनचूक आली, तर गिरणी बुडाली तरी पैसे देण्यास ती बँक बांधली जाते. अर्थात या हमीचे मोल अधिक पडते, आणि ते रास्तच होय. मात्र बँक तपासते ती कागदपत्रे. गाठीतील रुई कोरडी आहे की भिजलेली, हे ती पाहत नाही.