जुना टेम्पो दुरुस्त करावा की बदलावा?

भिवंडी-मालेगावचा यंत्रमागधारक असो, फर्निचरचा कारागीर असो की किराणा मालाचा घाऊक व्यापारी, माल वाहणारी गाडी हा त्याच्या धंद्याचा हातपाय असतो. गाडी जुनी झाली, गॅरेजवाल्याने मोठा आकडा सांगितला की, मन लगेच शोरूमकडे धावते. काही जण याच्या उलट वागतात. 'आतापर्यंत इतका पैसा घातला, आता कशी विकू?' असे म्हणत ते वर्षानुवर्षे खर्च करीत राहतात. दोन्ही गोष्टी हिशेबाच्या नाहीत. घातलेला पैसा परत येत नाही; विचार करायचा तो पुढच्या एका वर्षाचा.

प्रथम बिघाड कोणत्या जातीचा आहे हे ओळखावे. ब्रेक लायनर, क्लच प्लेट, टायर, बॅटरी, शॉक ॲब्सॉर्बर हे झिजणारेच भाग आहेत. ते नव्या गाडीचेही बदलावे लागतात. त्यावरून गाडी निकामी ठरवू नये. परंतु धुराड्यातून सतत निळा धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळत आहे. पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरमधील पाणी वरचेवर कमी होत असेल, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. इंजिनचे काम काढण्यापूर्वी कॉम्प्रेशन तपासून घ्यावे आणि दुसऱ्या मिस्त्रीचेही मत घ्यावे. चासीला गंज लागला असेल तर मात्र मोठा खर्च करण्यात अर्थ नाही. कोकणपट्टीत खाऱ्या हवेमुळे हा गंज लवकर धरतो, म्हणून तेथील बंधूंनी गाडी खालून अवश्य पाहावी.

आता हिशेब कसा मांडावा ते पाहू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. आपण आपले घालावेत. समजा, जुन्या टेम्पोला आज आहे त्या स्थितीत १,४०,००० रुपये येतात आणि दुरुस्ती ६०,००० रुपयांची आहे. दुरुस्तीनंतर वर्षभर वापरून तो १,२०,००० रुपयांना जाईल. म्हणजे किमतीतील घट २०,०००, मोठी दुरुस्ती ६०,०००, किरकोळ देखभाल ४०,००० आणि गाडी उभी राहिल्याचे १२ खाडे, दर खाड्याला १,५०० प्रमाणे १८,०००. एकूण १,३८,००० रुपये.

नवा टेम्पो ६,००,००० रुपयांचा धरला आणि वर्षाने त्याचे ४,८०,००० येणार असतील, तर घट १,२०,०००. देखभाल १५,०००, विम्याचा जादा हप्ता १५,००० आणि दोन खाड्यांचे ३,०००. एकूण १,५३,००० रुपये. अर्थात या वर्षी जुना टेम्पो १५,००० रुपयांनी स्वस्त पडतो. मात्र वर्षात आणखी एक मोठे काम निघाले किंवा खाडे बारावरून पंचवीसवर गेले, तर हिशेब उलटतो. म्हणून खाड्यांची किंमत कधीही विसरू नये. गॅरेजचे बिल दिसते. सणाच्या तोंडावर माल न पोचल्याने तुटलेले गिऱ्हाईक बिलात दिसत नाही.

काही सरकारी बाबीही ध्यानात घ्याव्यात. मालवाहू गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी करावे लागते. तेव्हा आठ वर्षे ओलांडलेल्या गाडीच्या हिशेबात हा खर्च आणि तो दिवस धरावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. नियमित पद्धतीने जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्यास धंद्याच्या मालवाहू गाडीवरील हा कर वजा मिळू शकतो. साध्या मोटारकारवर तो सहसा मिळत नाही. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यासही ही सवलत नाही. आपल्या कर सल्लागारास खरेदीपूर्वी विचारावे, नंतर नव्हे.

शेवटचा प्रश्न पैशाच्या सोयीचा. कच्च्या मालाची रोकड गाडीत अडकवली तर गाडी नवी आणि कारखाना बंद, अशी अवस्था होते. हप्त्याने घेतल्यास व्याजही खर्चात धरावे लागते. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे, त्यांनी जुनी गाडी चालू असतानाच दरमहा ठराविक रक्कम बाजूला काढावी. वरच्या उदाहरणात वाचलेले १५,००० रुपये हीच त्याची सुरुवात होय.

आजपासूनच गाडीसाठी एक वेगळी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काम, खर्च आणि खाडा एवढ्या पाच गोष्टी त्यात लिहा. वर्षभरानंतर गाडी ठेवावी की काढावी हे विक्रेत्याला किंवा मिस्त्रीला विचारण्याची गरज राहणार नाही. आपली वहीच ते सांगेल.