गल्ला रिकामा, तरी कर कशाचा?

विवरणपत्र भरण्याचे दिवस आले की बाजारपेठेत एक तक्रार हमखास कानी येते. वर्षभर राबलो, हाती काही उरले नाही आणि वकीलसाहेब म्हणतात, पाऊण लाख कर भरा! यंत्रमागवाला असो, सुतारकाम करणारा कारागीर असो की कापडाचा दुकानदार, सर्वांचे गाऱ्हाणे एकच. आमच्या मते याचे मूळ एका गैरसमजात आहे. गल्ल्यातली रोकड वेगळी आणि धंद्याचा नफा वेगळा. कर लागतो तो नफ्यावर.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. समजा, एका दुकानदाराने वर्षभरात घरखर्चासाठी 8 लाख रुपये उचलले. 12 लाखांपर्यंत कर नाही असे ऐकून तो निर्धास्त राहिला. पण त्याच वर्षी त्याने कर्जाच्या मुद्दलापोटी 1 लाख फेडले. 31 मार्चला दुकानातला माल आदल्या वर्षापेक्षा 2 लाख 75 हजारांनी जास्त निघाला आणि गिऱ्हाइकांकडची उधारी 1 लाखाने वाढली. रोकड व व्यापाऱ्यांची देणी पूर्वीइतकीच राहिली. घरखर्च, मुद्दल, शिल्लक माल, उधारी यांतले काहीही धंद्याच्या खर्चात धरता येत नाही. म्हणजे नफा 8 लाख नव्हे, 12 लाख 75 हजार! नव्या करपद्धतीत 2025-26 या वर्षासाठी त्यावर 71,250 रुपये कर आणि 4 टक्के उपकर, असे एकूण 74,100 रुपये होतात.

शेजारच्या पगारदाराचा पगार तेवढाच, 12 लाख 75 हजार असला तरी त्याला काही भरावे लागत नाही. त्याला 75 हजारांची प्रमाणित वजावट मिळते व त्याचे उत्पन्न बरोबर 12 लाखांवर येते. धंदेवाल्याला ही वजावट नाही. त्याला आपला खर्च पावतीनिशी दाखवावा लागतो. त्यातही एकाच माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांहून अधिक रोख दिले, तर तो खर्च साधारणपणे नामंजूर होतो आणि तेवढा नफा वाढतो. नवे यंत्र घेतले तर त्याची पूर्ण किंमत नव्हे, केवळ त्या वर्षाचा घसारा धरला जातो.

वह्या न ठेवणाऱ्या छोट्या व्यावसायिकांसाठी अंदाजित नफ्याची सोय आहे. उलाढाल 2 कोटींपर्यंत असावी; रोख जमा 5 टक्क्यांहून जास्त नसेल तर 3 कोटींपर्यंत. रोख विक्रीवर किमान 8 टक्के आणि बँकेतून आलेल्या रकमेवर किमान 6 टक्के नफा धरतात. दलाली व कमिशनच्या धंद्याला ही सोय नाही. ज्या घाऊक व्यापाऱ्याला प्रत्यक्षात 3 टक्केच सुटतात, त्याला मात्र ती महागात पडते. अशाने नीट वह्या ठेवाव्यात आणि कमी नफा दाखवायचा तर हिशेबतपासणीची तयारी ठेवावी.

वर्षाचा कर 10,000 रुपये वा अधिक होणार असेल तर तो आगाऊ भरायचा असतो. जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्चच्या 15 तारखेपर्यंत अनुक्रमे 15, 45, 75 व 100 टक्के रक्कम जमा व्हावी लागते. अंदाजित नफ्याची सोय घेणाऱ्यांना 15 मार्चपर्यंत एकदाच भरता येतो. चुकल्यास दरमहा 1 टक्का व्याज लागते. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या आमच्या बांधवांनी केवळ आळसापायी हे व्याज का भरावे?

बँकेचे व्याज खर्चात धरले जाते, मालकाच्या स्वतःच्या भांडवलापोटी काही धरले जात नाही. त्यामुळे बिनव्याजी धंदा करणाऱ्याचा करपात्र नफा जास्त दिसतो. त्याची खंत नको. वाचलेले व्याज त्यावर वाढलेल्या करापेक्षा साधारणपणे मोठे असते.

जकातीबद्दलही घोटाळा नसावा. जकात दिली म्हणून कर कमी होत नाही आणि कर भरला म्हणून जकात फिटत नाही. पण जकातीची शिस्त येथे कामी येते. रमजानमध्ये जो व्यापारी माल मोजतो, येणी-देणी लावतो आणि चाळिसावा हिस्सा बाजूला काढतो, त्याला 31 मार्चची मोजणी जड जाऊ नये. चांद्रवर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असल्याने दोन्ही मोजण्या वेगळ्या कराव्या लागतील, इतकेच.

वरच्या दुकानदाराचा कर आठवड्याला सुमारे 1,425 रुपये पडतो. दर जुम्म्याला तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकली तर ती गल्ल्यात मिसळत नाही. पैसा दुसऱ्याचा आहे हे ठाऊक असताना तो अमानत म्हणून जपणे, हे आपल्या व्यापाऱ्याला नव्याने शिकवण्याची गरज नाही.