सोडलं तिथूनच

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, मात्र विषय वैद्यकीय नसावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा मी निश्चिंत झालो. घरातील संगीतयंत्रणेत झालेला बिघाड आणि त्याचा शोध, हा विषय मनात तयारच होता. लिहावयास बसल्यावर ध्यानात आले, की संपादकांची अट मला पूर्णपणे पाळता येणार नाही. या हकीकतीत एक रुग्ण आहे, थोडक्यात टळलेले एक चुकीचे निदान आहे, आणि उपचारांतून उद्भवलेला एक आजारही आहे.

प्रथम यंत्रणेविषयी. अडाजणमधील आमच्या घराच्या दिवाणखान्यात एक जुना ॲम्प्लिफायर व दोन स्पीकर आहेत. एके काळी त्यांना रेकॉर्ड प्लेअर, कॅसेट डेक आणि सीडी प्लेअर अशी तीन यंत्रे जोडलेली असत. आज त्या तिन्हींच्या जागी एक लहानशी पेटी बसली आहे. तिला स्ट्रीमर म्हणतात. गाणी तिच्यात नसतात; ती आतल्या खोलीतील हार्ड डिस्कवर असतात. आपण फोनवर गाणे निवडावे, स्ट्रीमरने ते घरातल्या वाय-फायवरून मागवावे आणि ॲम्प्लिफायरच्या हवाली करावे, अशी ही व्यवस्था.

रेडिओची सवय असलेल्या आपल्या पिढीला येथे एक फरक समजून घ्यावा लागतो. रेडिओवरील गाणे अखंड लहरींवर येते. लहर क्षीण झाली की खरखर वाढते, परंतु गाणे पुढे सरकतच राहते. नेटवर्कवर मात्र गाण्याचे हजारो लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो, आणि एखादा वाटेत हरवला तर तो पुन्हा मागविला जातो. या मागवामागवीत होणारा उशीर सोसता यावा म्हणून स्ट्रीमर काही तुकडे आगाऊ साठवून ठेवतो. या साठ्याला बफर म्हणतात. गच्चीवरील पाण्याच्या टाकीसारखेच त्याचे काम. महानगरपालिकेचे पाणी गेले तरी टाकीत पाणी आहे तोवर आपल्याला काही कळत नाही. टाकी रिकामी झाली की नळ एकाएकी कोरडा पडतो. म्हणूनच नेटवर्कवरील गाणे खरखरत नाही. ते एकदम थांबते, आणि टाकी भरली की पुन्हा सुरू होते.

आता या यंत्रणेतून वाजणाऱ्या ठेव्याविषयी. माझे वडील, नाना, यांना गाण्यापेक्षाही गाणे टिपून ठेवण्याचा नाद होता. गणेशोत्सवातील मैफली, घरगुती बैठकी, कोणाच्या षष्ट्यब्दीपूर्तीला झालेले गायन, सर्वत्र ते आपला टेपरेकॉर्डर घेऊन पहिल्या रांगेत बसत. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात शिरली, तेव्हा आमच्या तळमजल्यावरील जुन्या घरात खालच्या कपाटातील सर्व टेपा चिखलात गेल्या. माळ्यावरील एकतीस तेवढ्या वाचल्या. नानांच्या पश्चात मी त्या एकेक करून संगणकावर उतरवून घेतल्या. त्या करताना जराही काटकसर केली नाही. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचे माप कायम ठेवले. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावा-उजवा असे दोन मार्ग. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख बिट. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे निदान त्यावरच अवलंबून आहे.

माझी आई छ्याऐंशी वर्षांची आहे. दृष्टी मंदावली असल्याने वाचन सुटले, दूरदर्शनही सुटले. रोज संध्याकाळी सात वाजता सुनेने गाणे लावून द्यावे आणि आईने आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकावे, हा तिच्या दिवसाचा कळस. कधी आकाशवाणीवरून पूर्वी ध्वनिमुद्रित केलेली भावगीते, कधी नाट्यपदे, आणि बहुधा नानांच्या टेपा.

दोन-तीनदा गाणे मधेच थांबल्याचे पत्नीने सांगितले, आणि मी उपचार सुरू केले. पहिला उपाय अर्थातच राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याचा. ज्वरावर पॅरासिटामॉल द्यावे, तसा. दुसरा उपाय म्हणून इंटरनेटची अधिक वेगवान योजना घेतली. वस्तुतः गाणी घरातल्या घरातच प्रवास करीत होती. बाहेरून येणाऱ्या वेगाशी त्यांचा संबंधच नव्हता. तिसरा उपाय म्हणजे दिवाणखान्यासाठी बसविलेला दुसरा राउटर. माझा दवाखाना रात्री नऊला सुटतो. साडेनऊला घरी येऊन मी प्रत्येक उपायाची परीक्षा घेई, गाणे निर्वेधपणे वाजे, आणि रुग्ण बरा झाल्याची नोंद मी मनोमन करून टाकी.

दुसऱ्या राउटरने तर नवाच विकार जडविला. स्ट्रीमर फोनवर दिसेनासा झाला. राउटर घरातील प्रत्येक उपकरणाला एक क्रमांकित पत्ता देतो, वॉर्डातील खाटेच्या क्रमांकासारखा. दोन राउटर स्वतंत्रपणे पत्ते वाटू लागले, की एका घरात दोन वॉर्ड तयार होतात. स्ट्रीमर कोठे आहे, अशी हाक फोन मारतो, ती केवळ आपल्याच वॉर्डात ऐकू जाते. फोन एका वॉर्डात आणि स्ट्रीमर दुसऱ्यात. मग उत्तर कोण देणार? आजारापेक्षा औषधाचाच त्रास अधिक, असा हा प्रकार.

याच सुमारास आईने गाणे नाकारण्यास सुरुवात केली. “आज नको,” असे ती म्हणे. पुढे पुढे सात वाजता ती आपल्या खोलीतून बाहेरही येईना. जेवण कमी झाले, बोलणे कमी झाले. मी तिची स्मरणशक्तीची चाचणी घेतली; उत्तरे वयाच्या मानाने बरी आली. नैराश्य असावे असे वाटले. एका रात्री तिच्याजवळ बसून फार विचारले, तेव्हा ती बोलली.

“अरे, ह्यांच्या टेपा लावल्या ना, की मधेच मला काही ऐकू येत नाही. सगळं बंद होतं. थोड्या वेळानं परत येतं. डोक्यातच काहीतरी होत असेल. तुम्हाला कशाला सांगायचं, म्हणून म्हटलं नकोच ते गाणं.”

माझ्यातील डॉक्टर तत्काळ सावध झाला. काही क्षणांपुरते भान हरपणे, तेही वृद्धापकाळी. मेंदूतील विद्युत्-प्रवाहाचा सौम्य झटका असू शकतो, रक्तपुरवठ्याचा दोष असू शकतो. एमआरआय, ईईजी, मज्जाविकारतज्ज्ञ मित्राची वेळ, असा सारा क्रम डोळ्यांपुढे उभा राहिला. सवयीने मी आणखी दोन प्रश्न विचारले. भावगीते ऐकताना असे होते का? “नाही, ती नीट ऐकू येतात. ह्यांच्याच टेपांना होतं.” आणि परत ऐकू येते तेव्हा गाणे पुढे गेलेले असते का?

आई क्षणभर थांबली. त्या टेपांतील प्रत्येक जागा तिला पाठ आहे. “नाही रे. सोडलं तिथूनच.”

भान हरपले असते, तर गाणे तिच्यासाठी थांबून राहिले नसते. ते पुढे निघून गेले असते. खंड आईच्या मेंदूत पडत नव्हता, गाण्यातच पडत होता.

दुसऱ्या दिवसापासून तीन संध्याकाळी दवाखाना लवकर बंद करून, घड्याळ व वही घेऊन मी तिच्याशेजारी बसलो. पहिल्याच दिवशी सात वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास ख्याल मधेच तुटला. मी तिचा हात धरून म्हटले, “आई, मलाही ऐकू येत नाही.” ती काही बोलली नाही. हात मात्र तिने बराच वेळ सोडला नाही.

तिन्ही दिवशी वेळ जवळपास तीच. वही पत्नीला दाखविली, तेव्हा ती म्हणाली, “यावेळी मी आईंचं दूध गरम करते.” स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हन आणि स्ट्रीमर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. ओव्हनमधील लहरी २.४५ गिगाहर्ट्झच्या, आमचे वाय-फायही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यातील. ओव्हनमधून निसटणारा अंश प्रकृतीला अपायकारक नसतो, परंतु लाकडी कपाटात, दूरदर्शन संचाच्या पाठीमागे ठेवलेल्या स्ट्रीमरपर्यंत पोहोचणारा वाय-फायचा संकेत त्याहूनही क्षीण असतो. गोंगाटात कुजबुज ऐकू येऊ नये, तसे झाले. तुकडे हरवू लागले आणि टाकी रिकामी होऊ लागली.

मग केवळ नानांच्याच टेपा का थांबाव्यात? आमच्या स्ट्रीमरचा बफर ४ मेगाबाइटचा आहे. भावगीते एमपी-थ्री स्वरूपात, सेकंदाला १ लाख २८ हजार बिट या मापाने दाबून ठेवलेली. त्या मापाने हा साठा ४ मिनिटांहून अधिक पुरतो. नानांच्या टेपांचे माप त्याच्या अकरा पट; त्यांना तोच साठा जेमतेम २३ सेकंद पुरतो. दूध तापविण्यास अडीच मिनिटे लागत. वडिलांच्या आठवणीत कसूर नको म्हणून मी जे थोर माप निवडले होते, तेच सर्वांत आधी उपाशी राहत होते.

औषधाची बाधा झाल्याचा संशय आला की आपण औषध थांबवितो, आणि खात्रीसाठी कधी कधी जपून पुन्हा देतो. तसेच केले. ओव्हनमध्ये पाण्याचा पेला ठेवून वीस सेकंद चालविला; गाणे चालू राहिले. दोन मिनिटे चालविला. पाऊण मिनिटाच्या आसपास गाणे थांबले. ओव्हन बंद केल्यावर ते पुन्हा सुरू झाले. तीनदा केले, तीनदा तेच. नंतर राउटरपासून स्ट्रीमरपर्यंत जमिनीवरून एक तात्पुरती इथरनेट केबल टाकली आणि ओव्हन चालूच ठेवला. गाणे थांबले नाही.

तीच केबल आता भिंतीच्या कडेने कायमची बसविली आहे. खर्च काही शे रुपयांचा. ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायने ओव्हनची बाधा टळली असती, परंतु त्या लहरी आपल्या काँक्रीटच्या भिंतींतून फार लवकर क्षीण होतात. दुसऱ्या राउटरचे पत्ते वाटण्याचे काम बंद करून त्याला केवळ वाय-फाय पुरविण्याचे काम दिले, तेव्हा दोन वॉर्डांचा पुन्हा एक झाला. स्ट्रीमरला कायमचा पत्ता राखून ठेवला. टेपांचे रूपांतर फ्लॅक या स्वरूपात केले. त्यात ध्वनीचा कणही न गमावता आकार बहुधा निम्म्याच्या आसपास येतो. शिवाय पुराची आठवण ठेवून एक प्रत पुण्याला बहिणीकडे पाठविली.

ज्यांच्या घरी अशी यंत्रणा आहे, त्यांच्यासाठी थोडे निदानशास्त्र. गाणे घरातील डिस्कवरून येते की इंटरनेटवरून, हे प्रथम पाहावे. घरातलेच असेल तर वेगवान योजनेवर पैसे खर्चू नयेत. कमी मापाची गाणी वाजतात आणि मोठ्या मापाचीच थांबतात का, ते पाहावे. तसे असल्यास दोष बहुधा वाटेत असतो, यंत्रात नसतो. तात्पुरती केबल लावून पाहावी. ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निर्णायक तपासणी. पत्ते वाटणारा राउटर घरात एकच आहे, याची खात्री करावी. एका वेळी एकच बदल करावा व त्याची वेळेसह नोंद ठेवावी. आणि बिघाड ज्या वेळी होतो, त्याच वेळी तपासावे. रात्री साडेनऊची तपासणी सायंकाळच्या आजाराविषयी काहीच सांगत नाही.

हे सारे मला ठाऊक नव्हते असे नाही. दवाखान्यात रोज मी हेच करतो. घरात मात्र तीन उपचार करून झाले, तरी जी व्यक्ती रोज त्या खोलीत बसून ऐकत होती, तिला मी एक प्रश्नही विचारला नव्हता.

माध्यम कोणतेही असो, त्याचा म्हणून एक खंड असतोच. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांचे गायन तबकडीवर घेतले गेले, तेव्हा राग सुमारे तीन मिनिटांत आटोपावा लागे. नानांच्या साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात संपे. गेल्या आठवड्यात आईबरोबर एक मारुबिहाग ऐकत होतो. द्रुत रंगात आले असताना खट् असा आवाज झाला आणि क्षणभर शांतता पसरली. माझे लक्ष आपसूक स्ट्रीमरकडे गेले. आई डोळे न उघडता हसली.

“हा तुझ्या यंत्राचा नव्हे. इथं गाणं पुढं गेलंय बघ. इथं ह्यांनी बाजू बदलली होती.”