गाठ कोणाच्या पदराला?

लॉकरची किल्ली कुठल्या डब्यात आहे, गॅस कधी नोंदवला, हे अॅमेझॉनच्या बोलक्या पेटीतल्या अॅलेक्साला सांगून ठेवले की विचारल्यावर ती बिनचूक सांगते. पूर्वी पदराला गाठ मारत, तसेच हे. फक्त पदर दुसऱ्याचा. नेमके हेच नजरेतून निसटते आणि भीती भलत्याच गोष्टीची वाटत राहते. ही पेटी घरातले बोलणे चोवीस तास टिपून कंपनीला पाठवते, हा सर्वांत पसरलेला समज. मायक्रोफोन सतत जागा असतो हे खरे, पण ठरलेली हाक ओळखण्याचे काम पेटीतच होते आणि हाक येईपर्यंतचा आवाज क्षणाक्षणाला पुसला जातो. मग २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये एका घरातले खासगी बोलणे परस्पर ओळखीच्या माणसाकडे कसे पोचले? अॅमेझॉनच्या खुलाशानुसार गप्पांमधला एक शब्द यंत्राला हाकेसारखा वाटला आणि पुढचे काही शब्द निरोप पाठवण्याची आज्ञा. म्हणजे पाळत नव्हे, बहिरेपण! त्याने नुकसान कमी होत नाही, हे मात्र मान्य.

खरा घोळ हाकेनंतर सुरू होतो. सांगितलेली माहिती पेटीत राहत नाही; ती कंपनीच्या सर्व्हरवर, आपल्या खात्याच्या नावाने जमा होते. म्हणून पेटी फोडली तरी आठवण शाबूत राहते, आणि इंटरनेट गेले की शाबूत पेटीही मुकी होते. ‘नको असेल ते पुसता येतेच की’, असे यावर म्हटले जाते. पुसण्याची सोय आहे, पण २०२३ मध्ये अमेरिकी सरकारचा आरोप असा होता की, पालकांनी मुलांची ध्वनिमुद्रणे पुसायला सांगूनही अॅमेझॉनने त्यांचा लिखित मजकूर ठेवून घेतला. कंपनीने आरोप अमान्य केले, तरी अडीच कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले.

सगळे असे यंत्रावर सोपवल्याने स्मरणशक्ती गंजते, ही तक्रार मला तितकीशी पटत नाही. २०११ मध्ये मानसशास्त्रज्ञ बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असे दिसले की, माहिती संगणकात जपलेली आहे असे वाटले की लोक ती विसरतात, पण ती कुठे ठेवली हे चांगले लक्षात ठेवतात. आपण असेच तर घरातल्या एकावर वाढदिवस सोपवतो, दुसऱ्यावर विम्याचे हप्ते. मात्र औषधाच्या बाबतीत जपून. आठवण वाजली एवढेच यंत्राला कळते; गोळी पोटात गेली का, हे सात खणांच्या साध्या डबीतला रिकामा खण अधिक खात्रीने सांगतो.