नाव सापडलं, तोवर मासा संपत आला

ॲडमिशनच्या वेळी मार्कशीटवर एक नाव आणि आधारवर दुसरंच असलं की काय होतं, ते आपल्याला चांगलंच माहितेय. माणूस खिडकीसमोर उभा असतो, पण कागदावर तो नसतोच! कावेरी नदीतल्या एका माशाचं अगदी असंच झालं. फरक इतकाच, की या घोळात त्याची अख्खी जातच संपायला आली.

या माशाला म्हणतात ‘हम्प-बॅक्ड महासीर’. डोक्यामागे उंचवटा, केशरी झाक असलेले पर आणि अंगात प्रचंड ताकद. गळ टाकणाऱ्यांसाठी तर हा पाण्यातला वाघच. १९४६ मध्ये काबिनी या कावेरीच्या उपनदीत पकडलेला महासीर होता १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा! एवढा फेमस मासा, पण त्याचं शास्त्रीय नाव काय, यावर कुणाचंच एकमत नव्हतं. महासीर ओळखणं तसंही अवघड. एकाच जातीतल्या माशांचे ओठ आणि अंगाची ठेवण वेगवेगळी दिसू शकते. नुसतं बघून ठरवायला गेलं की फसायला होतं.

या गोष्टीत आपला महाराष्ट्रही आहे बरं का. निळसर परांच्या महासीरची, म्हणजे ‘टॉर खुद्री’ची, शास्त्रीय नोंद कर्नल साइक्सने १८३९ मध्ये केली, ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. पुढे लोणावळ्याच्या हॅचरीत याच जातीची पिल्लं वाढवली गेली आणि १९७० च्या दशकापासून ती कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता : नदीतले महासीर वाढावेत. आणि ते वाढलेही! पण वाढला तो पाहुणा. मूळचा केशरी परांचा मासा मात्र गळाला लागेनासा झाला. सगळ्यांची मोजणी ‘महासीर’ म्हणून एकत्र केली, तर सारं काही ठीकच वाटणार ना?

कोडं सुटलं २०१८ मध्ये. संशोधकांना मोयार नदीत हम्प-बॅक्ड महासीर मिळाले. त्यांची शरीररचना आणि डीएनए तपासल्यावर ते जुळले ‘टॉर रेमादेवी’शी. या जातीचं वर्णन केरळातल्या पांबार नदीतल्या माशांवरून २००७ मध्येच झालं होतं. म्हणजे नाव होतं, फक्त ते कुणाचं आहे हे ठाऊक नव्हतं! नाव पक्कं झालं आणि त्याच वर्षी हा मासा आययूसीएनच्या लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून गेला. आधी का नाही? कारण ज्याची ओळखच पक्की नाही, त्याची नोंद करणार कशी?

अशा तपासणीसाठी माशाला मारावं लागत नाही. पराचा छोटासा तुकडा पुरतो. त्यातल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए वाचला की जात कळते. पण हा डीएनए फक्त आईकडून येतो. त्यामुळे आई एका जातीची आणि बाप दुसऱ्या जातीचा असेल, तर संकर लपून राहतो. तो पकडायला पेशीच्या केंद्रकातला डीएनएही बघावा लागतो.

आणि प्रश्न फक्त जातीचा नाही. एकाच जातीचे, पण वेगळ्या नद्यांमधले मासे हजारो वर्षं एकमेकांना भेटलेलेच नसतात. प्रत्येक नदीने आपापल्या माशांत काही वेगळे गुण जपलेले असतात. उद्या रोग आला, पाणी तापलं, तर कदाचित तेच गुण त्यांना तारतील. मोजक्या नर-माद्यांची पिल्लं सगळीकडे सोडली, तर संख्या वाढेल, पण हे वेगळेपण पुसलं जाईल.

आपल्याकडे महाडजवळच्या वाळणकोंडीत गावकऱ्यांनी देवाचे म्हणून महासीर जपलेत. तिथे श्रद्धेनं राखण केली. आता ओळख जपायचं काम लॅबमधल्या पोरापोरींचं. तेव्हा कधी कॉलेजच्या कॅम्पमध्ये नदीत मत्स्यबीज सोडायला गेलात, तर सेल्फीच्या आधी एक प्रश्न नक्की विचारा : ‘ही पिल्लं नेमकी कुठल्या नदीची?’